सिंगल फेजवरचा लेथ

मागच्या पडवीत जुना लेथ उभा आहे. बेड शाबूत, काम पकडून फिरवणारा चकही चांगला. मोटर मात्र थ्री फेज, आणि घरात महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन. एका लेथसाठी थ्री फेज मीटर घ्यायचं म्हणजे बहुतेकांच्या जिवावर येतं.

मग भिंतीवर बसतो व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा डबा. कारखान्यात त्याला नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हणतात. घरातल्या २३० व्होल्ट एसीचं तो साधारण ३२५ व्होल्ट डीसी करतो. आतले ट्रान्झिस्टर ते डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात आणि त्यातून तीन फेज तयार करतात, हव्या त्या फ्रिक्वेन्सीचे.

फेज तीन झाले, व्होल्ट मात्र २३०च. आणि मोटरच्या प्लेटवर लिहिलंय: ४१५ व्होल्ट, स्टार. स्टार म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एका गाठीत; डेल्टा म्हणजे तिन्ही टोकाला टोक लावून त्रिकोणात. तीच मोटर डेल्टात जोडली, की २३० वर पूर्ण ताकदीनं चालते. बॉक्समध्ये सहा टर्मिनल असतील तर पट्ट्या बदलल्या की झालं. पण झाकण काढावं, तर वायरी तीनच! स्टारची गाठ आत, वाइंडिंगमध्येच मारलेली.

मोटर जाते वाइंडरकडे. तो कॉइलवरची दोरी कापतो, वार्निशनं दगड झालेला जोड हलक्या हातानं मोकळा करतो, तीन टोकांना नव्या वायरी डाग देऊन जोडतो, वर स्लीव्ह चढवतो. शेजारच्या तारेचं इनॅमल खरवडलं गेलं, तर अख्खी मोटर नव्यानं भरायची वेळ येते. प्लेटवर १.८ अँपिअर असतील, तर डेल्टात होतात ३.१. ड्राइव्हमध्ये हाच आकडा भरायचा.

आता फेसिंग, म्हणजे फिरत्या तुकड्याचं तोंड सपाट कातणं. माइल्ड स्टील, साधं एचएसएस (हायस्पीड स्टील) टूल. १०० मिलिमीटर व्यासाला मिनिटाला ९५ फेरे ठीक; टूल ५० मिलिमीटरवर आलं, की कापण्याचा वेग तोच ठेवायला १९० हवेत. आधी मशीन थांबवून बेल्ट बदलावा लागे. आता कट चालू असतानाच ड्राइव्हचा नॉब फिरवायचा. याची चटक लागते.

तरी बेल्ट आणि बॅक गिअर काढू नका. ड्राइव्ह फेरे कमी करतो, पण गिअरसारखा जोर वाढवत नाही. शिवाय पंखा मोटरच्याच शाफ्टवर. १० हर्ट्झवर तोही रेंगाळतो आणि मोटर तापते.

लेथचा जुना उलट-सुलट स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये नको. चालू मोटरची लाइन तिथे तुटली, तर ड्राइव्ह जळू शकतो. तो स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर (जिथे फक्त चालू-बंद-उलटचा इशारा जातो) घ्या. चक आट्यांवर बसणारा असेल, तर झटक्यात ब्रेकही नको. चक सुटून अंगावर येईल.

आणि मेन बंद केला, तरी आतले कपॅसिटर भरलेलेच असतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटं सरल्याशिवाय ड्राइव्हच्या झाकणाला हात लावायचा नाही.