दोन वर्षं, दुसऱ्याच्या दारात

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या युटा राज्यातला, नुकतीच शाळा संपवलेला एखादा मॉर्मन या ख्रिस्ती पंथातला मुलगा मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामावर, जाण्यासाठी अर्ज करतो, तेव्हा कुठे जायचं हे त्याच्या हातात नसतं. अर्जासोबत डॉक्टरचा दाखला लागतो, दाताच्या डॉक्टरचाही लागतो, स्थानिक धर्मप्रमुखाकडे मुलाखत होते. मग काही आठवड्यांनी उत्तर येतं. पूर्वी टपालानं मोठं पाकीट यायचं, आता ते संगणकावर उघडतात. त्यात देश, भाषा आणि हजर व्हायची तारीख असते. घरात सगळे नातेवाईक गोळा करून, लांबच्यांना फोनवर घेऊन ते पत्र मोठ्यानं वाचायची पद्धत आहे. कुणाच्या वाट्याला ब्राझील येतं, कुणाच्या घाना, कुणाच्या शेजारचंच आयडाहो. तेव्हा हसू आलं काय आणि रडू आलं काय, जायचं तिथंच.

कुणाच्या वाट्याला जपान येतं. मी आज जपानबद्दलच बोलणार आहे, कारण नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं नागोयाच्या परिसरात होतो आणि ही मुलं मला तिथं दिसत. पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर हेल्मेट, पायाखाली सायकल, छातीवर काळी पट्टी. पट्टीवर आडनाव आणि चर्चचं नाव. पहिलं नाव नाहीच. मुलगा असेल तर 'एल्डर अमुक', मुलगी असेल तर 'सिस्टर तमुक'. रोज सोबत राहणारा जोडीदारसुद्धा त्याला याच नावानं हाक मारतो.

थोडी ओळख करून देतो. मॉर्मन हे लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव. चर्चचं खरं नाव लांबलचक आहे, चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, आणि २०१८ पासून ते स्वतः 'मॉर्मन म्हणू नका' असं सांगतात. मी सोयीसाठी म्हणतोय. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. आज त्याचं मुख्यालय युटातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. जगभर सत्तर हजारांहून अधिक मिशनरी एका वेळी काम करत असतात आणि त्यांतले बहुतेक विशी-बाविशीच्या आतले. मुलांसाठी दोन वर्षं, मुलींसाठी दीड. मुलांनी जावं ही जवळजवळ कर्तव्य म्हणून अपेक्षा. मुलींवर तसा आग्रह नाही. तरी २०१२ साली वयाची अट मुलांसाठी एकोणीसवरून अठरा आणि मुलींसाठी एकवीसवरून एकोणीस झाली, तेव्हापासून मुलींची संख्या खूप वाढली. पगार कुणालाच नाही. उलट मुलानं साठवलेले किंवा आईवडिलांनी दिलेले पैसे दरमहा चर्चकडे भरायचे. ही रक्कम देशावर ठरत नाही. महागड्या जपानला जाणारा आणि स्वस्तातल्या देशात जाणारा, एकाच देशातून निघाले असतील तर सारखेच भरतात. खर्चाला लागणारे पैसे मग तिकडच्या मिशनमधून मिळतात.

भाषेची तयारी युटातच, प्रोव्हो गावच्या प्रशिक्षण केंद्रात होते. स्पॅनिशसाठी काही आठवडे पुरतात. जपानीसाठी दोन महिने. दोन महिन्यांच्या जपानीवर हा मुलगा विमानातून उतरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखाद्या आजोबांना रस्त्यात थांबवून देवाविषयी बोलू लागतो. आजोबा काय म्हणाले हे त्याला कळत नाही. नाही म्हणाले, एवढं मात्र कळतं.

आणि माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. ज्याला सकाळपासून रात्रीपर्यंत 'नको' ऐकायचंय, अशा अठरा वर्षांच्या पोराला दोन वर्षं उभं कसं ठेवायचं? त्याची श्रद्धा असते, मान्य. पण नुसत्या श्रद्धेवर भर पावसात सायकल फार दिवस चालत नाही. म्हणून या चर्चनं त्याच्याभोवती एक दिनक्रम बांधलाय. बाहेरून तो विचित्र दिसतो. एकेक नियम हातात घेऊन पाहिला की त्यामागचा हिशेब लक्षात येतो.

साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम. आंघोळ, न्याहारी, मग एकट्यानं धर्मग्रंथाचं वाचन, मग जोडीदारासोबत अभ्यास, मग भाषेचा अभ्यास. साधारण दहाच्या सुमाराला बाहेर पडायचं. जेवणाच्या सुट्ट्या सोडल्या तर रात्री नऊपर्यंत बाहेरच. कुणाकडे धर्माची शिकवणी चालू असेल तर साडेनऊ. साडेदहाला दिवे बंद. अलीकडे वेळा स्थानिक परिस्थितीनुसार थोड्या मागंपुढं करायची मुभा आहे, पण सांगाडा हाच. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलीबरोबर फिरणं नाही, पोहणंसुद्धा नाही. स्मार्टफोन असतो, पण कामापुरता.

जपानमध्ये दारोदार फिरणं म्हणजे मुख्यतः इंटरकॉमशी बोलणं. नव्या इमारतींच्या मुख्य दारालाच कुलूप असतं, आत शिरताच येत नाही. जुन्या वस्तीत बेल वाजवता येते, पण आतून एक मृदू आवाज 'नको' सांगतो आणि खट्कन बंद होतो. आरडाओरडा नाही, अपमान नाही. आपल्याकडच्या सोसायटीत विक्रेत्याला वॉचमन हाकलतो, तसलं काही तिथं सहसा होत नाही. पण मला वाटतं, सभ्य नकार पचवणं जास्त अवघड. भांडायला समोर कुणी नसतंच.

म्हणून मग स्टेशनबाहेर उभं राहायचं, आणि म्हणून इंग्रजीचे वर्ग. जपानमधल्या या चर्चच्या अनेक ठिकाणी आठवड्यातून एकदा फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग असतो आणि तो हीच मुलं घेतात. निवृत्त झालेले गृहस्थ, शाळकरी मुलं, दुपारी मोकळ्या असणाऱ्या गृहिणी तिथं येतात. वर्गात धर्म शिकवत नाहीत. शेवटी एखादा छोटा विचार सांगतात, ज्याला थांबायचं तो थांबतो. आठवड्यात हाच एक तास असा, की लोक आपणहून या पोरांकडे चालत येतात. त्या तासाला त्यांचे चेहरे वेगळे दिसत.

आता जोडीदाराचं सांगतो. मिशनरी कधीही एकटा नसतो. जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा, हा नियम चोवीस तास लागू; सूट फक्त न्हाणीघराची. झोपायचं एकाच खोलीत, वेगवेगळ्या अंथरुणांवर. जोडीदार निवडता येत नाही. एक युटाचा, एक टोंगा बेटांवरचा; एक बडबड्या, एक घुमा; एक भांडी घासणारा, एक तशीच ठेवणारा. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा दिवस येतो. कोण कुठल्या गावी आणि कुणासोबत, हे मिशनचे अध्यक्ष ठरवतात. हे अध्यक्ष म्हणजे तीन वर्षांसाठी सपत्नीक आलेले कुणी प्रौढ गृहस्थ. जमलं तर तीच जोडी पुढं चालू राहते. नाही जमलं तरी मनाशी म्हणता येतं, आणखी चार आठवडे, मग सुटका. माणसाला माणसाचा कंटाळा येतो हे धरूनच ही मुदत आखलेली दिसते. आपल्याकडची कितीतरी एकत्र कुटुंबं अशा बदल्यांवर टिकली असती.

सोमवार हा बहुतेक ठिकाणी तयारीचा दिवस. कपडे धुणं, केस कापणं, आठवड्याचा बाजार, थोडा बास्केटबॉल, आणि घरी फोन. या फोनची कथा मला फार महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २०१९ पर्यंत मिशनरीला घरी फोन करता येत असे तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याचं पत्र किंवा ईमेल. १८ वर्षांचा मुलगा, परका देश, आणि आईचा आवाज वर्षातून दोन वेळा! दर आठवड्याला फोन करायला परवानगी मिळाली तेव्हा चर्चमध्येच काही जुनेजाणते कुरकुरले, आमच्या वेळी असं नव्हतं म्हणून. ही कुरकुर जगात सगळीकडे सारखीच असते.

खाण्यापिण्यात गंमत आहे. १८३३ सालापासून चालत आलेल्या पथ्याप्रमाणे मॉर्मन माणसाला दारू आणि तंबाखू वर्ज्य, शिवाय चहा आणि कॉफीही वर्ज्य. जपानमध्ये पाहुणा आला की न विचारता समोर हिरव्या चहाचा कप येतो. दिवसभर लोकांचे नकार ऐकणारं हे पोर संध्याकाळी कुणाच्या तरी घरात शिरतं, आणि तिथं पहिली गोष्ट करायची ती म्हणजे यजमानाला नकार द्यायचा. तोही दोन महिन्यांच्या जपानीत, त्याला वाईट वाटू न देता! सुदैवानं भाजलेल्या जवाचा 'मुगिचा' नावाचा एक काढा तिथं घरोघरी असतो. त्यात चहाचं पान नसतं, त्यामुळे तो चालतो. उन्हाळ्यात गार मुगिचानं कितीतरी जणांची लाज राखली असेल.

जपाननं या मिशनला पहिल्यापासूनच हात राखून प्रतिसाद दिला. ऑगस्ट १९०१ मध्ये चौघेजण योकोहामा बंदरात उतरले. प्रमुख होते हीबर ग्रँट, जे पुढं चर्चचे अध्यक्ष झाले. सगळ्यांत लहान होता आल्मा टेलर, नुकताच एकोणीस पूर्ण झालेला. बाकीचे परतले, टेलर राहिला. साडेआठ वर्षं राहिला. त्यानं जपानी इतकी आत्मसात केली की पंथाचा मूळ ग्रंथ, म्हणजे बुक ऑफ मॉर्मन, जपानीत आणला. भाषेवरून इकुता चोको या साहित्यिकानं हात फिरवला आणि १९०९ साली तो छापला गेला. इतकं करून १९२४ साली मिशन बंद करावं लागलं. तेवीस वर्षांत बाप्तिस्मा घेतलेली माणसं १६६. युद्धानंतर, १९४८ साली ते पुन्हा सुरू झालं. १९८० मध्ये टोकियोत मंदिर उभं राहिलं, या पंथाचं आशियातलं पहिलं. आज कागदोपत्री सभासद सव्वा लाखाच्या थोडे वर आहेत, बारा कोटींच्या देशात.

आपल्या महाराष्ट्राशीही या इतिहासाचा एक धागा आहे. जपानच्या जवळपास पन्नास वर्षं आधी, १८५२ साली, ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि पुण्याला गेला. छावणीतल्या गोऱ्या शिपायांमध्ये त्यानं काम सुरू केलं, लष्करी अधिकाऱ्यांनी अडवलं, तरी एक लहानशी मंडळी त्यानं जमवली. काही वर्षांत सगळं विरून गेलं.

मी स्वतः धर्मांतराच्या कामाकडे सहज डोळेझाक करू शकत नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. एखाद्या जपानी तरुणीनं हा पंथ स्वीकारला की घरातल्या बुत्सुदानसमोर, म्हणजे पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर, तिनं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. तो सोडवायची वेळ तिच्यावर आणि तिच्या आईवर येते, आणि शिकवणाऱ्या एल्डरची तोवर दुसऱ्या गावी बदली झालेली असते. माझा या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप हाच. दुसरा आक्षेप त्यांच्याच मुलांच्या बाजूनं. मन थकलं म्हणून, तब्येत बिघडली म्हणून किंवा श्रद्धाच डळमळली म्हणून कुणी मुदतीआधी घरी परतला, तर गावात कुजबुज होते. अलीकडे चर्च यावर समजुतीनं बोलतं, घरी राहून करायच्या सेवेचा पर्यायही देतं. पण लग्नाच्या बाजारात 'मिशन पूर्ण केलेला' हे अजूनही वजनदार स्थळ आहे, आणि जिथं ते वजन आहे तिथं अर्ध्यातून आलेल्याला ते जाणवणारच.

पूर्ण केलेल्यांना मात्र ही वर्षं आयुष्यभर पुरतात. अमेरिकेतले राजकारणी मिट रॉम्नी १९६६ मध्ये मिशनवर फ्रान्सला गेले. वाइनच्या देशात दारू पिऊ नका असं सांगत हिंडले, १९६८ चं विद्यार्थ्यांचं बंड पाहिलं, आणि त्याच वर्षी एका मोटार अपघातात मरता मरता वाचले. गाडी ते चालवत होते. समोरून दुसरी गाडी येऊन आदळली आणि मिशन अध्यक्षांच्या पत्नी त्यात गेल्या. जॉन हंट्समन तैवानला गेले, मँडरिन शिकले, आणि २००९ साली चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. युटात एखाद्या बँकेत किंवा दुकानात अस्खलित कोरियन, तागालोग किंवा फिनिश बोलणारा गोरा माणूस भेटला तर तिथल्या लोकांना नवल वाटत नाही.

नागोयातला एक एल्डर मला इंग्रजीच्या वर्गानंतर म्हणाला होता की घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे दुपारी दोन वाजता, एकट्यानं, काहीही कारण नसताना फिरायला जायचं.

श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं परदेशात असतील. तुम्ही सहा महिने त्यांच्याकडे राहायला जाता, दुपारी मुलगा-सून कामावर असतात, आणि दार वाजतं. बाहेर टाय लावलेली दोन पोरं किंवा पट्टी लावलेल्या दोन मुली उभ्या असतात. ऐकायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. त्यांना सवय आहे. बसवलंत तर मात्र सवयीनं चहाचं आधण ठेवू नका. कोकम सरबत द्या, दोघंही घेतील.

नमस्कार.