लाखेचे चार शिक्के

(दृश्य: रात्रीचा महामार्ग, ताडपत्री बांधलेला ट्रक)

कोगनोळी मागे पडली की कागल. पुणे–बंगळूर महामार्गावर कर्नाटक इथे संपतं, महाराष्ट्र सुरू होतो. रस्ता तोच, डांबरही तेच. पण या ट्रकात जे आहे त्यातला पान मसाला हद्दीपलीकडे दुकानात उघड विकला जातो. इकडे तो ठेवणं आणि विकणं गुन्हा आहे.

(दृश्य: ताडपत्री सुटते, पोती खाली येतात)

वरच्या दोन थरांत सरकीची पेंड. बिलावरही पेंडच. पेंडीचं पोतं पन्नास किलोचं, उचलायला दोघं लागतात. तिसऱ्या थरातलं हे पोतं बघा, एकट्याने उचललं.

(दृश्य: तळहातावर दोन पुड्या)

मोठ्या पुडीत पान मसाला, छोटीत सुगंधित तंबाखू. दोन्ही फोडून हातावर मिसळल्या की झाला गुटखा. खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालायचं नाही, असा केंद्राचा नियम ऑगस्ट 2011 पासून लागू आहे. त्यावरची पळवाट ही जोडपुडी: कारखान्याने काही मिसळलंच नाही, मिसळलं ते गिऱ्हाइकाने! म्हणूनच महाराष्ट्राच्या बंदीच्या आदेशात गुटख्याच्या जोडीला पान मसाला, सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही आहे.

(दृश्य: न्यायालयाची इमारत, जुनी राजपत्रं)

बाहेरच्या राज्यातून येणारा माल अडवायचा अधिकार राज्याला कुठून मिळतो? राज्यघटनेचं कलम 301 सांगतं, देशभर व्यापार खुला. 304 मध्ये राज्यांना वाजवी निर्बंध घालता येतात, पण त्यासाठी विधिमंडळाचा कायदा हवा आणि विधेयकाला आधी राष्ट्रपतींची मंजुरी हवी. महाराष्ट्र त्या वाटेने गेलाच नाही. केंद्राच्याच अन्नकायद्यातला अधिकार वापरायचा, असं ठरलं.

पहिला प्रयत्न फसला. 2002 मध्ये जुन्या अन्नभेसळ कायद्याखाली पाच वर्षांची बंदी घातली. ऑगस्ट 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘गोदावत पान मसाला’ खटल्यात ती रद्द केली. राज्याच्या अन्न अधिकाऱ्याचा अधिकार तात्पुरत्या, स्थानिक संकटापुरता. एखादी वस्तू कायमची बंद करायची तर ते केंद्राचं काम, असा निकाल होता.

मग 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्याचं कलम 30, पोटकलम 2, खंड ‘अ’. अन्नसुरक्षा आयुक्त सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या पदार्थावर राज्यात बंदी घालू शकतात, मात्र जास्तीत जास्त एक वर्ष. एप्रिल 2012 मध्ये मध्य प्रदेशने आणि जुलैमध्ये महाराष्ट्राने हे कलम वापरलं. तेव्हापासून दर वर्षी नवा आदेश, नवं राजपत्र. ‘तात्पुरता अधिकार दर वर्षी कसा वापरता?’ हा उत्पादकांचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 2022 मध्ये मान्य केला. 2023 मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला. आरोग्याचा एवढा मोठा प्रश्न दर वर्षीच्या नूतनीकरणावर टांगून ठेवणं आम्हाला तरी पटत नाही.

(दृश्य: कलमाचा मजकूर, शब्दांवरून सरकणारं बोट)

उत्पादन. साठवणूक. वितरण. विक्री. कलमात एवढेच चार शब्द. ‘वाहतूक’ नाही. राज्याच्या आदेशात तो घातला जातो, पण मूळ कलमात नसल्याने वकील बोट ठेवतो ते इथेच. माल गुजरातला चाललाय, महाराष्ट्रात फक्त रस्ता वापरला, हा ठरलेला बचाव. म्हणून ई-वे बिलात, म्हणजे मालासोबतच्या ऑनलाइन वाहतूक दाखल्यात, पोचण्याचं ठिकाण काय आणि गाडी त्या वाटेवर होती का, हे आधी बघायचं. 200 किलोमीटरला एक दिवस, अशी बिलाची मुदत असते. सरळ गुजरातला जाणारी गाडी आडवाटेच्या गोदामापाशी उभी सापडली, तर बचाव तिथेच ढिला पडतो.

(दृश्य: टेबल, दोरा, लाख, मेणबत्ती)

पोलिस गाडी अडवू शकतात, पण अन्नकायद्याखाली नमुना घ्यायचा तो अन्नसुरक्षा अधिकाऱ्यानेच. नमुन्याचे भाग चार. प्रत्येक भाग कोरड्या, स्वच्छ डब्यात. वरून जाड कागद. त्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याची (अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या वरिष्ठाची) सही आणि सांकेतिक क्रमांक असलेली पट्टी, बुडापासून झाकणापर्यंत फिरवलेली. मग दोरा. मग लाख: एक शिक्का वर, एक खाली, दोन अंगावर. ज्याच्याकडून माल घेतला त्याची सही अर्धी पट्टीवर, अर्धी कागदावर. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. शिक्क्याचा ठसा मात्र वेगळ्या पाकिटात, वेगळा पाठवायचा. अहवालाला 14 दिवस.

केस पडते ती इथे. पावसात कागद ओला, लाख बसत नाही, शिक्क्याची अक्षरं पुसट, आणि ठशाशी जुळत नाहीत. किंवा पोत्यांत बॅच चार, नमुना एकाचाच. उरलेल्या तीन बॅचचं काहीच सिद्ध होत नाही. पंचनाम्यात बॅच क्रमांक लिहिताना एक आकडा चुकला तरी अहवाल भलत्याच मालाचा ठरतो. अन्नकायद्याखालचा खटला साधारणपणे वर्षाच्या आत दाखल व्हायला हवा, हे वेगळंच.

पोलिस विषबाधेचं कलम लावतात, भारतीय न्याय संहितेचं 123, कमाल शिक्षा 10 वर्षं. अन्नकायदा असताना ते लावता येतं का, यावर वाद झाले. दोन्ही कायद्यांखाली कारवाई करायला आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलं. 2024 मध्ये मात्र असुरक्षित अन्नाच्या बाबतीत जुन्या दंड संहितेतल्या भेसळीच्या कलमांवर अन्नकायदाच वरचढ, असं ठरलं.

(दृश्य: कर्करोग रुग्णालयाची ओपीडी, तोंड पूर्ण न उघडणारा तरुण)

ही सगळी धडपड ज्यांच्यासाठी, ते हे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण.

(दृश्य: पोलिस ठाण्याचं आवार, सकाळ)

माल जप्त, सीलबंद खोलीत. गाडीमालकाने न्यायालयात अर्ज केला, बंधपत्र दिलं. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे गाडीचा ताबा देण्याच्या कागदावर, सही झाली आणि ट्रक रिकामा बाहेर पडला.