तेच डाळिंब, दोन पोटं

(दृश्य: वडोदरा, खंडेराव मार्केट. सकाळची गर्दी, भाजीचे ढीग.)

सयाजीराव महाराजांच्या काळातलं, १९०६ सालचं हे मार्केट. आज आपण इथे दांडिया बाजारातल्या एका वहिनींबरोबर आलो आहोत. त्यांचं नाव सांगणार नाही. त्यांची आयव्हीएफ ट्रीटमेंट चालू आहे. दोन ट्रान्सफर झाले, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ दोनदा गर्भाशयात सोडला. दोन्ही वेळा बीटा, म्हणजे गर्भ राहिला का हे सांगणारी रक्तचाचणी, निगेटिव्ह. नुकताच तिसरा झालाय. सासूबाई पिशवी उघडी धरून म्हणतात, "अगं, डाळिंबं घे. रक्त वाढतं."

डाळिंबाची गोष्ट रक्तावर संपत नाही. त्यात एलाजिटॅनिन नावाची द्रव्यं असतात. आपल्या शरीराला ती सरळ शोषता येत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती फोडतात आणि त्यातून युरोलिथिन बनवतात. पेशीतली थकलेली ऊर्जाकेंद्रं मोडीत काढण्याच्या कामाला युरोलिथिन ए चालना देतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. स्त्रीबीजात ही केंद्रं लाखाच्या घरात असतात, म्हणून संशोधकांचं लक्ष इकडे वळलं. पण एकच डाळिंब दोघींनी वाटून खाल्लं, तरी एकीच्या पोटात युरोलिथिन ए तयार होतं आणि दुसरीच्या होत नाही. ते बनवणारे जिवाणूच तिच्याकडे नसतात.

(दृश्य: जुन्या वाड्यातलं स्वयंपाकघर. फ्रीजच्या दारात इंजेक्शनचा डबा.)

इस्ट्रोजेनचा प्रवास तर मला फार विलक्षण वाटतो. ट्रीटमेंटमध्ये या हार्मोनच्या आकड्यावर सगळ्यांची नजर असते. काम झालं की यकृत त्याला साखरेपासून बनलेलं एक आम्ल चिकटवतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं, बाहेर जायला. वाटेत काही जिवाणू ती गाठ सोडवतात. मोकळं झालेलं इस्ट्रोजेन आतड्यातून पुन्हा रक्तात शिरतं. २०११ साली या जिवाणूंच्या जनुकांना एस्ट्रोबोलोम हे नाव मिळालं. म्हणजे अंडाशय जे घडवतं, त्यातलं किती परत मिळायचं, यात आतड्याचाही हात असतो.

(दृश्य: तव्यावर ज्वारीची भाकरी. शेजारी वालाची उसळ.)

भाकरीतला, उसळीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं हे मुख्य इंधन. २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ब्युटिरेटमुळे आतड्यात नियामक टी पेशी वाढतात. या पेशी प्रतिकारशक्तीला आवर घालतात. गर्भ निम्मा बापाचा असतो, आईच्या शरीराला तेवढा परकाच. तो रुजायचा तर गर्भाशयातही आवर घालणाऱ्या अशा पेशी लागतात.

इतकं ऐकलं की कुणालाही वाटेल, सापडलं उत्तर. नाही सापडलेलं. यश आलेल्या आणि न आलेल्या स्त्रियांचे मल-रक्ताचे नमुने ताडून पाहिले जाताहेत, पण हे अभ्यास बहुतेक लहान गटांवरचे आहेत. फरक दिसला, म्हणून तेच कारण ठरत नाही. बीजाचं वय आणि गर्भातली गुणसूत्रं यांचं पारडं आजही जड आहे. वहिनींना मात्र कुणीतरी महागडी पुडी विकून गेलं, वर म्हणालं, "पोट साफ नाही तुमचं, म्हणून राहत नाही." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. असं बोलणं अन्यायाचं आहे, आणि विज्ञानाच्या नावावर तर मुळीच खपवून घेऊ नये.

मग डाळ-भाकरी कशासाठी? चोथा पोटात गेला तर आतडं नीट राहतं, साखर ताब्यात राहते. एवढं पक्कं आहे आणि त्याला पुडी लागत नाही. मनाने अँटिबायोटिक घेऊ नये, त्यात कामाचे जिवाणूही मरतात. आणि ताट एकटीचं बदलून भागत नाही. स्त्रीबीजाच्या शेवटच्या वाढीला सुमारे तीन महिने लागतात, शुक्राणू तयार व्हायला अडीच. या घरात भाऊंनी, वहिनींच्या नवऱ्याने, तंबाखू सोडली, ती दुसऱ्या बीटानंतर.

(दृश्य: संध्याकाळ. सासूबाई डाळिंब सोलताहेत, दाणे दोन वाट्यांत.)

गुरुवारी सकाळी आठला तिसऱ्या बीटासाठी रक्त द्यायचंय. रिपोर्ट दुपारी येईल. भाऊंनी त्या दिवशी रजा टाकली आहे.