ख्रिस्ती लग्न नक्की लावतं कोण?

नमस्कार मंडळी. आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. व्हिडिओ क्षणभर थांबवा आणि मनात उत्तर ठरवा. कॅथलिक चर्चमध्ये लग्न कोण लावतं?

बहुतेकांचं उत्तर असेल, फादर. माझं स्वतःचं लग्न ठरेपर्यंत मीही तेच धरून चालले होते. आमच्या वसईत बोलतातही तसंच, "अमक्या फादरांनी आमचं लग्न लावलं." पण चर्चची शिकवण निराळी आहे. वसई, मुंबई, गोव्यातले बहुतेक कॅथलिक ज्या लॅटिन परंपरेत येतात, त्या परंपरेत विवाहाचा संस्कार नवरा-नवरी एकमेकांना देतात. एरवी बाप्तिस्मा फादर देतात, पापांची क्षमा फादर देतात. इथे मात्र देणारे आणि घेणारे तेच दोघं. फादर त्यांचा होकार विचारतात आणि चर्चच्या वतीनं तो स्वीकारतात.

ही शिकवण फार जुनी आहे. सन ८६६ मध्ये बल्गेरियाच्या राजानं रोमला बरेच प्रश्न पाठवले होते, त्यात लग्नाविषयीही विचारलं होतं. पोप निकोलस पहिले यांनी उत्तर दिलं, त्याचा आशय असा: बाकीचे सगळे विधी झाले आणि होकारच नसला, तर ते सगळं फुकट. पुढे बाराव्या शतकात बोलोन्या आणि पॅरिसच्या पंडितांत मोठा वाद झाला, की लग्न होकारानं पुरं होतं की शरीरसंबंधानं. पोप अलेक्झांडर तिसरे यांच्या काळात तो मिटला. लग्न होतं होकारानं. आणि बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा संबंध आल्यावर ते कुणालाच, अगदी पोपनाही, मोडता येत नाही.

आता यात एक अडचण होती, आणि ती फार त्रासाची होती. नुसत्या होकारानं लग्न होत असेल, तर ते शेतात होईल, परसात होईल, साक्षीला कुणी नसतानाही होईल. तसं होतही होतं. मग वर्षभरानं तो म्हणायचा, "मी कुठे काय बोललो?" आणि दुसरीशी उघड लग्न करायचा. पहिलीकडे पुरावा काय? काही नाही. देवाच्या नजरेत ती त्याची बायको आणि जगाच्या नजरेत फसलेली पोर.

म्हणून ट्रेंट इथे भरलेल्या, कॅथलिक बिशपांच्या धर्मपरिषदेनं ११ नोव्हेंबर १५६३ रोजी नियम केला. यापुढे धर्मग्रामाचे, म्हणजे आपापल्या पॅरिशचे फादर, किंवा त्यांनी परवानगी दिलेला दुसरा धर्मगुरू, आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर होकार दिला तरच लग्न वैध. त्याआधी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, तीनदा पुकार करायचा, म्हणजे ठरलेलं लग्न सगळ्यांसमोर जाहीर करायचं. म्हणजे फादर समोर हवेतच, ही अट लग्नाच्या वैधतेला जोडली गेली ती या दिवसापासून. त्या वेळी आपली वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती, त्यामुळे हा नियम आपल्याकडे लवकरच पोचला.

पण त्याच हुकुमातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे. फ्रान्सच्या राजाकडून आग्रह होता, की आईबापांच्या संमतीशिवाय केलेली लग्नं रद्द ठरवा. परिषदेनं नकार दिला. आईबापांना न विचारणं चर्चला मुळीच पसंत नव्हतं, तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. पण अशी लग्नं आपोआप रद्द होतात असं म्हणणाऱ्यांचा परिषदेनं निषेध केला. होकार मुलाचा आणि मुलीचा. बापाचा नाही, राजाचा नाही.

प्रॉटेस्टंट काय म्हणतात? प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारे जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर यांनी १५२० मध्ये थेट मुळावरच बोट ठेवलं. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात प्रेषित पौल लग्नाविषयी बोलताना "हे रहस्य मोठे आहे" असं म्हणतो. ग्रीकमध्ये तिथे शब्द आहे 'मिस्टेरिऑन'. लॅटिन बायबलात त्याचं 'साक्रामेंतुम' झालं, आणि त्यावरून लग्न हा संस्कार ठरवला गेला, असं ल्यूथर यांचं म्हणणं. म्हणून प्रॉटेस्टंट मंडळ्या बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार मानतात. लग्न त्यांच्या दृष्टीनं देवानं स्थापलेली पवित्र गोष्ट, देवासमोर केलेला करार. त्याची नोंद, त्याचे नियम हा राज्यकारभाराचा विषय. ल्यूथर आईबापांची संमती आवश्यक मानायचे. तरी १५२४ मध्ये त्यांनीच लिहिलं, की आईबापांनी मुलांना लग्नाची सक्ती करू नये आणि लग्नाला आडकाठीही करू नये.

पूर्वेकडच्या परंपरांत मात्र चित्र पालटतं. कल्याणला सिरो-मलबार, म्हणजे मूळच्या केरळातल्या पूर्वेकडच्या परंपरेच्या कॅथलिकांचा धर्मप्रांत आहे. तुम्ही त्यांच्या लग्नाला गेला असाल तर मिन्नू पाहिलं असेल, क्रूस असलेलं छोटंसं मंगळसूत्र. ते ज्या दोऱ्यात ओवतात, तो मंत्रकोडीच्या, म्हणजे वरपक्षानं दिलेल्या साडीच्या सुतांचा असतो. या पूर्वेकडच्या चर्चमध्ये धर्मगुरूचा आशीर्वाद नसेल तर लग्नच होत नाही. १९९० च्या त्यांच्या धर्मसंहितेत तसं स्पष्ट आहे. ऑर्थोडॉक्स लग्नात तर धर्मगुरू दोघांच्या डोक्यावर मुकुट ठेवतात.

आता एक गोष्ट ऐका, ऐकून मीही चकित झाले होते. दोन बाप्तिस्मा झालेले प्रॉटेस्टंट रजिस्टर ऑफिसात सही करून लग्न करतात, कुठलीही आडकाठी नसताना. कॅथलिक चर्च ते लग्न वैध मानतं, वर संस्कारही मानतं. दोन हिंदूंनी सप्तपदी घातली, तेही खरं लग्न. पण एखाद्या कॅथलिकानं परवानगी न घेता नुसती रजिस्टर ऑफिसात सही केली, तर चर्चच्या हिशेबी ते लग्न झालं नाही. १५६३ चा तो नियम कॅथलिकांना आजही बांधतो.

हिंदू पद्धतीनं झालेल्या लग्नावरून मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या, दोघं काही वर्षं वेगळे राहिले. त्या काळात १८६६ चा एक कायदा होता: धर्मांतरामुळे जोडीदारानं सोडलं तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टाकडून लग्न मोडून मिळायचं. त्याचं मूळ पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात. पण तोच पौल आधी सांगतो, की विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला तयार असेल तर त्याला सोडू नका. टिळक त्या कायद्याच्या वाटेला गेले नाहीत. लक्ष्मीबाई परत आल्या, पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. लहानपणी लागलेलं लग्न तसंच चालू राहिलं. ते प्रॉटेस्टंट होते. पण कॅथलिक शिकवणीतही अशा जोडप्याला पुन्हा लग्न लावावं लागत नाही. दोघांचा बाप्तिस्मा झाला, की आहे तेच लग्न संस्कार बनतं.

एक सावधगिरीची गोष्ट, कृपया नीट ऐका. चर्चचं न्यायमंडळ एखादं लग्न शून्य ठरवतं, म्हणजे ते मुळात झालंच नव्हतं असं सांगतं. होकार धाकानं घेतलेला होता, फसवणूक होती, किंवा तो देण्याची मानसिक क्षमताच नव्हती, अशी कारणं असतात. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली. त्या लग्नाची मुलं अनौरस ठरत नाहीत, ही भीती मनातून काढा. पण भारतात एवढ्यानं भागत नाही. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये स्पष्ट केलं, की चर्चच्या निर्णयानं कायद्यातलं लग्न संपत नाही. त्यासाठी १८६९ च्या कायद्याखाली कोर्टातच जावं लागतं. फक्त चर्चचा कागद हातात घेऊन दुसरं लग्न करू नका, ते लग्न रद्द ठरेल.

माझं म्हणणं आता थोडं आपल्या घरांकडे येतं. आपण उंबराच्या पाण्याची, म्हणजे लग्नाआधीच्या पाण्याच्या विधीची तयारी करतो, हळद, बँड, हॉल, जेवण, सगळ्यात मन लावतो, आणि लावावंच. पण "तुला हे लग्न हवंय का?" हे किती घरांत मुलीला एकटीला बसवून विचारतात? ज्या होकारावर आपली सगळी शिकवण उभी आहे, तोच आपण गृहीत धरतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

लग्नाआधी धर्मग्रामाच्या ऑफिसात एक चौकशी होते. दोघांना वेगवेगळं बोलावतात. माझ्या वेळी फादरांनी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला बाहेर बाकावर बसवलं, आईलाही बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि विचारलं, "कुणी जबरदस्ती केली आहे का?" मी हसून नाही म्हटलं. ते हसले नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मी नीट विचार करून उत्तर देईपर्यंत थांबले.

तुमचं लग्न ठरलं असेल तर त्या खोलीत खरं बोला. नको असेल तर तिथेच सांगा.