ब्रेक्झिट : भांडण लोकांचं, बातमी कोणाची?

[दृश्य : लंडन. संसदेसमोरची हिरवळ. पांढरे तंबू, दिवे, कॅमेऱ्यांच्या तिकाट्या.]

ब्रिटिश संसदेसमोर, रस्त्याच्या पलीकडे, हिरवळीचा एक तुकडा आहे. कॉलेज ग्रीन. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याच्या, ऐन धामधुमीत न्यूज चॅनेलांनी इथे तंबू ठोकले होते. खासदार संसदेतून बाहेर पडायचे, रस्ता ओलांडायचे, एका तंबूत बोलायचे आणि तेच पुन्हा शेजारच्या तंबूत बोलायचे.

७ जानेवारी २०१९. हुजूर पक्षाच्या खासदार अ‍ॅना सूब्री बीबीसीला लाइव्ह मुलाखत देत आहेत. युरोपीय महासंघातच राहावं असं म्हणणाऱ्या त्या, म्हणजे रिमेनवाल्या. तेवढ्यात पलीकडून घोषणा सुरू होतात. सूब्री नाझी आहे, सूब्री नाझी आहे. त्या बोलता बोलता थांबतात. मुलाखत आटोपून त्या संसदेकडे निघतात, तर काही माणसं मोबाइल समोर धरून अंगावर येतात. पन्नासहून जास्त खासदारांनी या प्रकाराबद्दल पोलिसांना पत्र लिहिलं.

याच हिरवळीवर दुसऱ्या बाजूचाही एक आवाज होता. स्टीव्ह ब्रे, वेल्समधल्या पोर्ट टॅलबटचा नाणी विकणारा माणूस. पोर्ट टॅलबट म्हणजे टाटांच्या पोलाद कारखान्याचं गाव. डोक्यावर उंच हॅट, खांद्यावर युरोपचा झेंडा, आणि अँकरने तोंड उघडलं रे उघडलं की मागून आरोळी : ब्रेक्झिट थांबवा! सप्टेंबर २०१७पासून तो तिथे ठाण मांडून होता.

नाझी म्हणून ओरडणं आणि ब्रेक्झिट थांबवा म्हणून ओरडणं एकाच मापाने मोजता येणार नाही. पण एक गोष्ट दोघांनाही पक्की कळली होती. संसदेचे दरवाजे बंद असतात, माइक मात्र चालू असतो.

[दृश्य : १९७५ची कृष्णधवल चित्रफीत. मतदान केंद्रं, वर्तमानपत्रांचे गठ्ठे.]

ब्रिटनने युरोपबद्दल पहिलं सार्वमत घेतलं ते १९७५मध्ये. सामायिक बाजारपेठेत राहायचं का? ६७ टक्के लोक हो म्हणाले, आणि लंडनची जवळपास सगळी मोठी वर्तमानपत्रंही हो म्हणत होती. मार्गारेट थॅचर युरोपीय देशांच्या झेंड्यांचं स्वेटर घालून प्रचाराला उतरल्या होत्या. हो, पुढे पंतप्रधान म्हणून युरोपशी भांडलेल्या त्याच थॅचरबाई.

पंधराच वर्षांत नूर पालटला. १ नोव्हेंबर १९९०ला 'द सन'ने युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक देलोर यांना पहिल्या पानावर शिवी हासडली, सोबत दोन बोटांची खूण. त्याच सुमारास ब्रसेल्समध्ये 'डेली टेलिग्राफ'चा एक तरुण वार्ताहर बसला होता. बोरिस जॉन्सन. खोटं उद्धरण छापल्याबद्दल 'द टाइम्स'ने आधीच त्यांना घरी बसवलं होतं. ब्रसेल्सहून ते ज्या बातम्या धाडत, त्यांचा सूर एकच : तिकडचे बाबू आपल्या ताटात नाक खुपसतात. पुढे एका मुलाखतीत त्यांनीच सांगितलं की आपण बागेच्या भिंतीवरून दगड भिरकावायचो आणि पलीकडच्या काचघरातला आवाज ऐकत बसायचो. मराठीत याला खळ्ळखट्याक म्हणतात. फरक इतकाच, की यांना त्याचा पगार मिळत होता.

केळ्यांची गोष्ट तर अजरामर झाली. १९९४च्या एका युरोपीय नियमात केळं 'विचित्र वाकडं' नसावं असं एक कलम होतं. ते घाऊक व्यापारातल्या प्रतवारीसाठी, आणि खालच्या प्रतीला त्यातून बरीच सूट. वर्तमानपत्रांत मात्र बातमी झाली की युरोपने वाकड्या केळ्यांवर बंदी घातली. बावीस वर्षांनी, ब्रेक्झिटवरच्या २०१६च्या सार्वमताच्या प्रचारात, जॉन्सन म्हणाले की दोन-तीनपेक्षा जास्त केळ्यांचा घड विकायला युरोपची मनाई आहे. नियम नेमका उलटा होता : घडात निदान चार केळी असावीत. अशा दंतकथा खोडून काढण्यासाठी युरोपीय आयोगाने स्वतंत्र यादी चालवली होती. ती वाचणार कोण? केळ्याची बातमी सकाळी चहासोबत आलेली, आणि खुलासा कुठल्या तरी कार्यालयाच्या पानावर पडलेला.

[दृश्य : लाल बस. बाजूवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत आकडा.]

आता ही बस. २०१६च्या प्रचारातली लीव्हवाल्यांची, म्हणजे बाहेर पडा म्हणणाऱ्यांची बस. बसवरचा मजकूर असा की आपण दर आठवड्याला युरोपला ३५ कोटी पौंड देतो, ते एनएचएसला, म्हणजे आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ या.

हिशेब मांडून पाहू. थॅचर यांनी १९८४मध्ये भांडून ब्रिटनसाठी सूट मिळवली होती, ती रक्कम मुळात ब्रिटनमधून बाहेर जातच नव्हती. ती वजा केली की आकडा साधारण २५ कोटींवर येतो. मग शेतकऱ्यांची अनुदानं, मागास भागांसाठीचा निधी, असं जे परत येत होतं ते वजा करा, म्हणजे तो आणखी खाली येतो. सरकारी आकडेवारीवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाने मतदानाआधीच सांगितलं की हा आकडा दिशाभूल करणारा आहे. २०१७मध्ये जॉन्सन यांनी तो पुन्हा वापरला, तेव्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी त्यांना जाहीर पत्रच लिहिलं.

उपयोग काय झाला? रोज संध्याकाळी चर्चा : ३५ कोटी की २५ कोटी? रिमेनवाला तावातावाने सांगतोय की अहो, २५च. ऐकणाऱ्याच्या कानात राहिलं ते एवढंच की आठवड्याला कोट्यवधी पौंड जातात, बुवा! लीव्ह मोहिमेचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांनी नंतर लिहिलं की या आकड्याशिवाय आपण जिंकलो नसतो. खोडून काढणाऱ्यांनीच आकडा घरोघरी पोचवला, असं माझं मत आहे.

रिमेनवालेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. रिमेनच्या बाजूच्या सरकारने ९० लाखांहून जास्त पौंड खर्चून घरोघर आपली बाजू मांडणारं पत्रक वाटलं. नुसतं बाहेर पडण्याच्या बाजूने मतदान झालं तरी मंदी येईल, पाच लाख लोकांच्या नोकऱ्या जातील, असा अर्थखात्याचा अंदाज होता. मतदान झालं. पौंड कोसळला, पण ती मंदी आली नाही आणि बेकारी उलट घटली. त्यामुळे लीव्हवाल्या वाचकाने पुढच्या प्रत्येक इशाऱ्याला हात झटकले, तर त्याला निव्वळ मूर्ख म्हणून चालणार नाही.

[दृश्य : स्टुडिओ. समोरासमोर दोन खुर्च्या.]

वर्तमानपत्रांना तिथे बाजू घ्यायची मुभा आहे आणि त्यांनी ती घेतली. गंमत मालकांची बघा. रूपर्ट मर्डॉक यांचा 'सन' लीव्ह, 'संडे टाइम्स' लीव्ह आणि 'टाइम्स' रिमेन. 'डेली मेल' लीव्ह, त्याच घराण्याचा 'मेल ऑन संडे' रिमेन. गिऱ्हाईक कुठलंही येवो, दुकान एकच. 'सन'ने तर राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा आहे असा मथळा छापला. राजवाड्याने तक्रार केली आणि वर्तमानपत्रांच्या नियामक संस्थेने, इप्सोने, मथळा दिशाभूल करणारा ठरवला. लफबरो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी खपाचं वजन धरून हिशेब केला, तेव्हा बाजू घेणाऱ्या मजकुराचं पारडं ८२ विरुद्ध १८ असं लीव्हकडे झुकलेलं निघालं.

टीव्हीला ही मोकळीक नाही. तिथे कायद्यानेच निःपक्षपातीपणा हवा. खरा घोटाळा इथे झाला, आणि तो कुणी बदमाशीने केला नाही, नेमून दिलेलं काम नीट करता करता झाला. मतदानाच्या महिनाभर आधी एका पाहणीत सहाशेहून जास्त अर्थतज्ज्ञांपैकी ८८ टक्के म्हणाले की ब्रेक्झिटने पुढच्या पाच वर्षांत वाढ मंदावेल. पडद्यावर काय दिसलं? एक खुर्ची इकडे, एक खुर्ची तिकडे. बीबीसीच्या अँकर एमिली मेटलिस यांनी नोकरी सोडल्यावर, २०२२च्या एका व्याख्यानात, हे उघड सांगितलं : ब्रेक्झिटची भीती वाटणारे साठ अर्थतज्ज्ञ पाच मिनिटांत सापडायचे, समर्थन करणारा एक शोधायला पाच तास लागायचे, आणि कार्यक्रमात मात्र दोन्हीकडचा एकेक. त्यांच्या मते हा समतोल नव्हेच.

मग बीबीसी नक्की कोणाची? मार्च २०१७मध्ये सत्तरहून जास्त खासदारांनी पत्र लिहिलं की तुम्ही ब्रेक्झिटबद्दल रडगाणंच गाता. पुढच्या वर्षी मजूर पक्षाचे लॉर्ड अडोनिस म्हणू लागले की बीबीसीतला पहिला बी म्हणजे ब्रेक्झिटच. मंत्री अँड्रिया लेडसम यांनी लाइव्ह कार्यक्रमात सुनावलं की प्रसारकांनी जरा देशभक्ती दाखवावी. अशा वेळी पत्रकारांचं एक ठेवणीतलं उत्तर असतं : दोन्हीकडून शिव्या पडतात, म्हणजे आम्ही बरोबर मधोमध आहोत. हे काही खरं नाही. दोन्हीकडून शिव्या चुकणाऱ्यालाही पडतात.

[दृश्य : ४ नोव्हेंबर २०१६. न्यूजस्टँड.]

आता हे पहिलं पान जवळून पाहा. केसांचे टोप घातलेले तीन न्यायाधीश आणि खाली ठळक अक्षरांत : जनतेचे शत्रू. 'डेली मेल', ४ नोव्हेंबर २०१६.

आदल्या दिवशी उच्च न्यायालयाने काय म्हटलं होतं? युरोपला बाहेर पडण्याची नोटीस देण्याआधी सरकारने संसदेची मंजुरी घ्यावी. एवढंच. ब्रेक्झिट करा की करू नका, याबद्दल एक अक्षर नाही. याचिका जीना मिलर यांची होती. त्यांना पुढे धमक्या आल्या. त्याच वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाने एका न्यायाधीशाची ओळख करून देताना, ते उघडपणे समलिंगी आणि ऑलिम्पिकमधले माजी तलवारबाज आहेत, अशी माहिती पुरवली होती. ती मग काढली. तलवारबाजीचा आणि राज्यघटनेचा संबंध काय, हे कुणी सांगितलं नाही. जानेवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आठ विरुद्ध तीन अशा मतांनी संसदेचाच अधिकार मान्य केला.

[दृश्य : स्विंडन. गाड्यांचा कारखाना, मग वस्तीतला रस्ता.]

लंडनच्या पश्चिमेला स्विंडन नावाचं शहर आहे. इथे गोंयकार बरेच आहेत. १९६१पर्यंत गोवा पोर्तुगालकडे होता, त्यामुळे त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. ते घेतलं की युरोप मोकळा, आणि तेव्हा ब्रिटनही त्यातच. म्हापशाहून, मडगावहून माणसं थेट स्विंडनच्या कारखान्यांत आणि गोदामांत कामाला आली.

आणि इथे एक विचित्र गोष्ट घडली. सार्वमताचा हक्क ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना होता, म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यालाही. युरोपीय नागरिकांना, आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून, तो नव्हता. म्हणजे एकाच घरात एक भाऊ भारतीय पासपोर्टवर राहत असेल तर त्याला मत, आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या भावाला, ज्याचं तिथलं राहणंच पणाला लागलं होतं, त्याला काही नाही. चॅनेलवाले बाजारपेठांत फिरून बाईट घेत होते : तुम्ही कुणाला मत देणार? या दुसऱ्या भावाकडे त्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. शहराने जवळपास ५५ टक्क्यांनी लीव्हला कौल दिला.

फेब्रुवारी २०१९मध्ये होंडाने स्विंडनचा कारखाना बंद करण्याची घोषणा केली. ३,५०० नोकऱ्या. रिमेनवाल्यांनी लगेच म्हटलं, घ्या, ब्रेक्झिटचं फळ. लीव्हवाल्यांनी होंडाच्या अधिकाऱ्याचं वाक्य पुढे केलं : आमच्या दृष्टीने याचा ब्रेक्झिटशी संबंध नाही. गाडीउद्योग विजेकडे वळतोय, हे कंपनीने दिलेलं कारण. त्याच महिन्याच्या एक तारखेला जपान आणि युरोपचा करार लागू झाला होता, जपानमध्ये बनलेल्या गाड्यांवरची युरोपची जकात हळूहळू शून्यावर येणार होती. मग युरोपात कारखाना हवाच कशाला? आणि तरी, याच होंडाने आधी खासदारांना सांगितलं होतं की आमच्याकडे युरोपातून रोज सुमारे ३५० ट्रक सुटे भाग घेऊन येतात आणि असेंब्ली लाइनवर तासाभराचाच साठा असतो. अशा माणसाला सीमेवरची रांग परवडत नाही. ही सगळी कारणं एकत्र गुंफलेली. ती उलगडून सांगायला पंधरा मिनिटं लागतात, बुलेटिनमध्ये दीड मिनिट मिळतं. ३० जुलै २०२१ला शेवटची पाळी संपली.

[दृश्य : टीव्हीचा पडदा. रिमोटवर बोट.]

लोक अखेर वैतागले. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत ब्रिटनमधले ३५ टक्के लोक म्हणाले की आम्ही बातम्या टाळतो, आणि त्यांतल्या ७१ टक्क्यांनी कारण दिलं ब्रेक्झिट. ऑक्टोबरमध्ये स्काय न्यूजने चक्क ब्रेक्झिटमुक्त चॅनेल काढलं. संध्याकाळी पाच ते दहा, जगातलं सगळं, फक्त तो शब्द नाही. हिरवळीवरच्या तंबूत स्वतःचे बातमीदार उभे असताना!

३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन बाहेर पडला. त्यानंतर ब्रेक्झिटची बातमी ओसरली. २०२४च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी हा विषय हातभर लांब ठेवला आणि बुलेटिनांनीही फार छेडलं नाही. भांडण मात्र दुसऱ्या दारातून आत आलं. जून २०२१मध्ये जीबी न्यूज ही वाहिनी सुरू झाली आणि ब्रेक्झिटचे खंदे पुरस्कर्ते नायजेल फराज तिथे सूत्रसंचालक झाले. २०२४मध्ये क्लॅक्टनमधून खासदार झाल्यावरही त्यांनी कार्यक्रम सोडला नाही. हुजूर पक्षाचे जेकब रीस-मॉग यांचाही तिथे कार्यक्रम. नेत्याने बातम्या वाचू नयेत, असा नियामक संस्था ऑफकॉमचा नियम. रीस-मॉग यांनी तो मोडला, असं ऑफकॉमने ठरवलं. वाहिनी न्यायालयात गेली. हा बातम्यांचा कार्यक्रम नव्हताच, चालू घडामोडींचा होता, हा तिचा युक्तिवाद. फेब्रुवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने तो मान्य करून ऑफकॉमचा निर्णय रद्द केला. त्यावर ऑफकॉमने नवा प्रस्ताव मांडला : कार्यक्रम कुठलाही असो, त्यातली बातमी नेत्याने वाचायची नाही.

[दृश्य : श्रेयनामावली.]