वाक्यातला 'च'

(बेळगाव. सीबीटी बसस्थानक, संध्याकाळचे पावणेपाच. गर्दी, हॉर्न, शेंगदाणेवाल्याची हाक.)

सातवीतली एक मुलगी फलाटाच्या कडेला उभी आहे. दप्तर पाठीवर नाही, पोटाशी धरलंय. येणाऱ्या प्रत्येक बसच्या कपाळावरची पाटी ती डोळे बारीक करून वाचते. पाट्या कन्नडमध्ये आहेत. तिला यळ्ळूरला जायचंय. कन्नडमधली 'य' आणि 'म' ही अक्षरं नवख्या डोळ्यांना जुळ्या भावांसारखी दिसतात. 'य'वरून यळ्ळूर आणि 'म'वरून मच्छे.

गेल्या पावसाळ्यात ती 'य' समजून 'म'च्या बसमध्ये चढली आणि मच्छेला उतरली. तिथल्या एका किराणा दुकानदारानं घरी फोन लावून दिला. बाबा मोटरसायकल घेऊन आले. ते रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. पण घर येईपर्यंत मागे बसून, रेनकोटच्या टोपीत तोंड लपवून, ती एकच वाक्य घोकत होती. ते तिनं स्वतः आम्हाला, ही फिल्म करणाऱ्यांना, सांगितलं.

"मी ढच आहे. मला काहीच येत नाही."

तिचं नाव आम्ही सांगणार नाही. तिनं तशी अट घातली होती आणि ती आम्हाला पटली.

(यळ्ळूर. भाताची शेतं, मागे राजहंसगडाचा डोंगर.)

सहावीपर्यंत ही मुलगी आज्जीकडे, चंदगड तालुक्यात शिकली. म्हणजे महाराष्ट्रात. आज्जी थकली, तेव्हा आईबाबांनी तिला इकडे आणलं. आमच्या भागात हे नवीन नाही. मामा तिकडे, आत्या इकडे, लग्नं दोन्हीकडची. जत्रेला कोणी सीमा विचारत नाही. शाळेत मात्र सीमा लागते. तिकडे पहिल्या बाकावर बसणारी, वर्गाची मॉनिटर असलेली पोर इकडे आली आणि कन्नडच्या तासाला तिला अक्षर ओळखता येईना. वर्ग हसला. एकदाच हसला, पण तेवढ्यानंच ती खचली.

बारा-तेरा वर्षांचं वय असंच असतं. आवाज फुटतो, चेहऱ्यावर पुरळ येतं, कालपर्यंत अंगाला बसणारा शर्ट आज आखूड होतो आणि सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटायला लागतं. आईबाबांच्या मतापेक्षा बाकावरच्या मैत्रिणीचं मत जड होतं. या वयात मूल मोठ्यांशी कमी बोलतं, हे सगळ्याच घरांत दिसतं. पण त्याच वेळी ते स्वतःशी किती बोलत असतं, ते कोणाला दिसत नाही.

लहान पोर भातुकली खेळताना मोठ्यानं बडबडतं, आठवतंय? "आता इथं पाणी घालूया, आता झाकण ठेवूया." रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी सांगितलं की ही बडबड थांबत नाही, वय वाढतं तशी ती आत जाते. म्हणजे तेराव्या वर्षी मूल गप्प दिसतं, तरी आत बोलणं चालूच असतं. आणि त्या बोलण्यातले शब्द बरेचसे आपलेच असतात. मोठ्यांच्या तोंडून कधी काळी पडलेले.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझं बालपणही याच जिल्ह्यात गेलं. आठवीत असताना मला फळ्यापाशी उभं करून एक कन्नड परिच्छेद वाचायला लावला होता. मी अडखळले. वर्गावर असलेल्या शिक्षकांनी हातातला खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "बस. तुझ्याच्यानं होणार नाही." चार शब्द. ते बहुधा संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले असतील. मी पुढची कितीतरी वर्षं ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकत राहिले. मुलाखतीला जाताना, माईकसमोर उभं राहताना, गाडी शिकताना. म्हणून ही फिल्म करायची होती.

(वर्ग. खिडकीतून येणारं ऊन. लाल पेन.)

या मुलीच्या वर्गात मराठी शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांनी शिकवायला घेतलं ते अव्यय. 'च', 'ही', 'तरी', 'मात्र'. उदाहरणं मुलांनाच लिहायला सांगितली: तुम्ही स्वतःला मनातल्या मनात जे म्हणता, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. दाखवायचं तर दाखवा, नाही तर नका दाखवू.

ज्यांनी दाखवली, त्यातली काही वाक्यं अशी होती:

"मला गणित कधीच जमणार नाही."
"सगळेच मला हसतात."
"मी काळीच आहे, म्हणून मला नाटकात घेत नाहीत."
"मी ढच आहे."

बाईंनी लाल पेन घेतलं आणि एकही वाक्य खोडलं नाही. फक्त 'च'भोवती गोल केला. मग म्हणाल्या, "हा एक 'च' काढा आणि वाक्य खरं काय होतं ते लिहा. गोड नको, खरं."

एवढासा 'च'. पण मराठीत त्याचं वजन केवढं. 'जमत नाही' म्हटलं की दार लोटलेलं असतं. 'कधीच जमणार नाही' म्हटलं की कुलूप लागतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात उदास माणसांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांचा अभ्यास केला. सगळं किंवा काहीच नाही, नेहमी किंवा कधीच नाही, असा त्या विचारांचा एक ठळक साचा असतो. मराठीत या साच्याला एका अक्षराचं हँडल आहे. मला हे पकडायला सोपं वाटतं. मुलांनाही वाटलं.

(जवळून: वहीचं शेवटचं पान.)

तिचं पान आम्ही तिच्या परवानगीनं दाखवतोय. वर पेन्सिलीनं लिहिलंय, 'मी ढच आहे. मला काहीच येत नाही.' दोन लाल गोल. खाली, दोन-तीनदा खोडरबर फिरवल्यामुळे खरखरीत झालेल्या कागदावर, 'मी मच्छेच्या बसमध्ये चढले. दोन अक्षरं चुकली. म आणि य.'

दोन अक्षरं चुकली. त्याचं 'काहीच' कसं झालं, हे त्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत बघायला मिळतं.

इथं एका गोष्टीवर मला स्पष्ट बोलायचंय. सकारात्मक विचार म्हटलं की हल्ली काय सांगतात? आरशासमोर उभे राहा आणि दहा वेळा म्हणा, 'मी सर्वोत्तम आहे, मी जिंकणारच.' मोबाईलवर असे व्हिडिओ ढिगानं आहेत, शाळांच्या भिंतींवर फलक आहेत. हेतू चांगला आहे. पण ज्या मुलाला हे सगळ्यात जास्त हवं, त्यालाच ते लागू पडत नाही. कॅनडातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य त्यांनी लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास होता, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा नव्हता, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा जास्त वाईट वाटलं. कारण मन लगेच उत्तर देतं, 'खोटं बोलतेस.'

मग म्हणायचं काय? नेदरलँड्समध्ये ९ ते १३ वयाच्या २१२ मुलांना गणिताची चाचणी दिली होती. अर्धी सोडवून झाल्यावर काही मुलांना मनात म्हणायला सांगितलं, 'मला हे छान येतं.' काहींना सांगितलं, 'मी माझा पुरेपूर प्रयत्न करेन.' काहींना काहीच सांगितलं नाही. आपण गणितात कच्चे आहोत असं ज्या मुलांना वाटत होतं, त्यांना प्रयत्नाच्या वाक्यानं मदत झाली. हुशारीच्या वाक्यानं झाली नाही. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यातली गोष्ट साधी आहे. 'मला येतं' हे मुलाला पटेलच असं नाही. 'मी प्रयत्न करेन' हे त्याच्या हातात आहे, म्हणून ते खरं वाटतं.

(वडगाव. गल्लीत यंत्रमागांची खडखड.)

वडगावात एका विणकराच्या घरी आम्ही गेलो. त्यांचा मुलगा याच वर्गात. कॅमेरा त्याच्यासाठी नेला होता, पण खरं काही सापडलं ते त्याच्या वडिलांपाशी. धागा तुटला. त्यांनी माग थांबवला, वाकले, दोन बोटांनी टोक शोधायला लागले आणि ओठांतल्या ओठांत बोलायला लागले. "कुठं गेला... थांब... हां, इथं आहे. घे. ओढ. झालं." गाठ बसली, माग सुरू.

आम्ही विचारलं, काय बोललात आत्ता? ते म्हणाले, "कोण, मी? मी कुठं काय बोललो?"

मुलगा मात्र हसायला लागला. "बोलतात की! रोज बोलतात."

धागा तुटला म्हणून ते स्वतःला 'मी नालायकच' म्हणाले नाहीत. पुढची एक कृती सांगितली, मग त्याच्या पुढची. खेळाडूंच्या स्वसंवादावरच्या ३२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ साली निघाला होता. नेमकेपणाच्या, बारीक हालचालींच्या कामात 'शाब्बास, जमेल तुला' यापेक्षा 'नजर इथं, हात असा' अशा सूचना जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं. वडगावच्या मागावर हे रोज घडतंय आणि आपण काही करतोय हे त्या माणसाला ठाऊकही नाही. तव्यावर भाकरी टाकताना आई बोलते तेही हेच. मुलांना शिकवायचं तर स्वयंपाकघरापासून सुरुवात करता येईल.

आणखी एक युक्ती आहे. ती अमेरिकेतून आली असं मला वाटलं होतं. मिशिगन विद्यापीठाचे इथन क्रॉस यांनी २०१४ साली दाखवलं की तणावाच्या प्रसंगी स्वतःशी 'मी' असं न बोलता स्वतःचं नाव घेऊन बोललं तर भीती थोडी दूर जाते. माणूस आपल्याच अडचणीकडे मित्राच्या अडचणीसारखं बघायला लागतो.

बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, मग 'तुका म्हणे' काय आहे? 'नामा म्हणे'? 'चोखा म्हणे'?"

खरंच की. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी स्वतःचंच नाव घेतलं. रामदासांनी तर २०५ श्लोक आपल्या मनाला हाक मारून लिहिले. ते मानसोपचार म्हणून लिहिले होते असं मी म्हणणार नाही, त्यांची वाट भक्तीची होती. पण स्वतःच्या नावानं स्वतःला सांगणं मराठी कानाला परकं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलं शेवटच्या पानावर आपापल्या नावापुढे 'म्हणे' लावून लिहायला लागली. एकानं लिहिलं होतं, अमुक म्हणे, भूमितीची आकृती आधी काढ, मग रड.

(संध्याकाळ. एका घराची पडवी. दहावीतला दादा, मोठी माणसं.)

आता घरच्यांचं. आमच्याकडे दहावी म्हणजे एसएसएलसी आणि एसएसएलसी म्हणजे ६२५. सातवीतल्या मुलासमोरही पाहुणे विचारतात, "दादाला किती पडले सहाशे पंचवीसपैकी? आणि हा?" 'हा' म्हणजे जो तिथंच बसून पोहे खातोय. त्याच्याबद्दल त्याच्यासमोर आपण तिसऱ्या माणसासारखं बोलतो. ते बोलणं तो उचलतो. त्यापेक्षा 'आज काय अडलं?' एवढं विचारून बघा. 'वा, किती हुशार!' अशी खिरापतही नको. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं.

आणि एक गोष्ट इथंच सांगायला हवी. एखादं मूल 'मी ढ आहे' याच्या पुढे जाऊन 'मी नसलेलंच बरं' म्हणायला लागलं, जेवण-झोप तुटली, आवडीचं सगळं सोडून दिलं, तर तिथं वहीचं पान पुरत नाही. शेजारी बसा, ऐका आणि मदत मागा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, कन्नड आणि मराठी दोन्हीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

(पुन्हा शाळा. कन्नडचा तास.)

कन्नड शिकवणाऱ्या टीचरना आम्ही त्या लाल गोलांची वही दाखवली. त्यांना मराठी छान समजतं. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणता 'मला कन्नड येत नाही', आम्ही म्हणतो 'ननगे कन्नड बरूदिल्ल'. दोन्हीकडे भाषा 'येते'. चालत येते. मग त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले: 'इन्नू बंदिल्ल.' अजून आलेली नाही.

ते आमच्या मुलीनं वहीत उतरवून घेतलं. कन्नड अक्षरांत. 'न'चं वळण चुकलं होतं, ते टीचरनी हात धरून गिरवून घेतलं.

(सीबीटी. बस येते.)

पाटी अजून लांब आहे. मुलीचे ओठ हलतायत. आवाज कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही, पण वेण्या घातलेलं ते डोकं एकदा नाही म्हणून हललं. ही मच्छे. तिनं जाऊ दिली. मागून दुसरी आली. मुलगी एक पाऊल पुढे आली, थांबली, पाटी परत एकदा वाचली. मग दप्तर पाठीवर टाकलं आणि चढली.