शंभराव्या तासाची जाळी

[दृश्य: काचेची उभी नळी, मध्ये स्टीलची बारीक ओली जाळी. वरून निळं पाणी आणि लाल तेल एकत्र ओतलं जातंय.]

निळं पाणी सरळ खाली उतरलं, लाल तेल मात्र जाळीवरच थांबलं. पंप नाही, वीज नाही, कुठलं रसायन मिसळलेलं नाही. गुरुत्वाकर्षण आणि तारांवरचा एक पातळ लेप, एवढ्यावर काम झालं.

तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या लेपांवर काम करणाऱ्यांकडे हा प्रयोग हमखास बघायला मिळतो. त्यात हातचलाखी अजिबात नाही. पण आपण पाहिलं ते जाळीच्या आयुष्यातलं पहिलं मिनिट. शंभराव्या तासाला ही जाळी कशी दिसेल? खरी परीक्षा तिथे आहे.

[दृश्य: एकाच काचेवर पाण्याचा आणि तेलाचा थेंब, जवळून.]

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. 25 अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन भरतो. बहुतेक तेलांचा 20 ते 35च्या आसपास. त्यामुळे तेल जिथे पडेल तिथे पसरतं. त्याला अडवणं हे पाण्याला अडवण्यापेक्षा कितीतरी कठीण.

थेंब पसरणार की गोळा होऊन बसणार, हे त्याच्या कडेशी होणाऱ्या कोनावरून कळतं: कोन मोठा तर थेंब गोळा, शून्याजवळ तर पूर्ण पसरलेला. या स्पर्शकोनाचं गणित थॉमस यंग यांनी 1805 मध्ये मांडलं. पुढे 1936 मध्ये वेन्झेल यांनी आणि 1944 मध्ये कॅसी आणि बॅक्स्टर यांनी त्यात खडबडीतपणाची भर घातली. पृष्ठभाग मुळात पाणी ओढणारा असेल, तर खडबडीत केल्यावर आणखी ओढतो. झिडकारणारा असेल, तर आणखी झिडकारतो, कारण खाचांमध्ये हवा अडकून बसते आणि थेंब तिच्यावर तरंगतो.

[दृश्य: कमळाचं पान. घरंगळणारा थेंब धूळ टिपत जातो.]

अळवावरचं पाणी टिकत नाही ते याच कारणानं. कमळाच्या पानावरचं पाणी घरंगळताना धूळही घेऊन जातं, हे बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी 1997 मध्ये तपशिलात दाखवलं, आणि स्वतःला स्वच्छ ठेवणाऱ्या लेपांच्या मागे सगळे लागले. मात्र हेच पान तेलात बुडवलं, तर तेल खाचांमधली हवा हाकलून आत शिरतं. पान हरतं.

2004 मध्ये चीनमधल्या लेई जियांग यांच्या गटानं स्टीलच्या जाळीवर टेफ्लॉनचा खडबडीत लेप चढवला. पाण्याचा स्पर्शकोन 150 अंशांच्या वर, डिझेलचा शून्य. डिझेल आरपार जायचं, पाणी वर राहायचं. ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं. पण पाणी जड असतं. ते खाली बसून जाळीवर थर धरतं आणि हलक्या तेलाची वाट अडवतं. शिवाय तेलातच मुरणारी जाळी काही काळानं तेलानंच तुंबते, मग ती धुवायची कशानं?

[दृश्य: पाण्याखाली माशाचे खवले. तेलाचा थेंब टेकतो आणि सुटून वर जातो.]

उलटा विचार माशावरून आला. खवल्यांवरचा ओला थर पाणी धरून ठेवतो, आणि तेल त्या पाण्यावर टेकतं, खवल्यावर नाही. 2011 मध्ये जियांग यांच्याच गटाच्या संशोधनात जाळीवर पॉलिअॅक्रिलामाइडचं हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल, चढवलेलं दिसतं. जाळी आधी ओली करायची. मग पाणी जातं, तेल अडतं. सुरुवातीच्या दृश्यात चाललं होतं ते हेच.

किती तेल अडेल, याचा हिशोब सोपा आहे. जाळीची भोकं 50 मायक्रोमीटर व्यासाची, आणि तेल व पाणी यांच्या सीमेवरचा ताण मीटरला 50 मिलिन्यूटन धरला, तर भोक अंदाजे 4,000 पास्कल दाब सोसतं. म्हणजे पाण्याचा सुमारे 40 सेंटीमीटरचा स्तंभ. आता त्यात साबणासारखं काही मिसळून हा ताण दहापट कमी झाला, तर जाळी 4 सेंटीमीटरलाच हार मानते. सांडपाण्यात साबण, डिटर्जंट नसेल असं कोण म्हणेल?

[दृश्य: कोरडी लेपित जाळी आधी तेलात बुडवली जाते, मग पाण्यात.]

एखाद्या लेपाची पारख करायची, तर मी हे दृश्य आधी मागेन. जाळी कोरडी असताना तेलात बुडवा, मग पाण्यात घाला. पुष्कळ लेप इथेच घसरतात. चिकटलेलं तेल आपसूक सुटायचं, तर पाण्याला तेलाच्या खाली शिरून लेपाला भिजवता आलं पाहिजे, म्हणजे लेपाची पाण्याशी ओढ तेलापेक्षा खूपच जास्त हवी. एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार असलेले काही पॉलिमर हे चांगलं करतात. त्यांच्याभोवती पाणी इतकं घट्ट बसतं की तेलाचा थर आकसून गोळा होतो आणि सुटून वर येतो.

दुसरा मार्ग टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे टायटॅनियाचा. त्यावर अतिनील किरण पडले की सेंद्रिय घाणीचे तुकडे होऊ लागतात, आणि पृष्ठभाग पाण्याकडे जास्त ओढला जातो. प्रकाशानं होणारा हा बदल 1997 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी मांडला. 2013 मध्ये सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठात सोडियम सिलिकेट आणि टायटॅनियाचे थर एकावर एक चढवलेली जाळी तयार झाली. ओलेइक आम्ल या तेलकट मेदाम्लानं ती मुद्दाम मळवली, तेल अडवण्याची ताकद गेली, आणि अतिनील प्रकाशानं ती परत आली. फार देखणं काम आहे. अडचण एवढीच की सूर्यप्रकाशात अतिनील भाग चार-पाच टक्केच, आणि गढूळ पाण्याच्या बंद टाकीत तोही पोचत नाही. शिवाय हाच टायटॅनिया प्लास्टिकच्या गाळण-पडद्यावर बसवला तर हळूहळू तो पडदाच खातो. म्हणून तो धातूच्या जाळीवर किंवा सिरॅमिकवर शोभतो.

[दृश्य: दुधाळ पांढरं पाणी, सूक्ष्मदर्शकाखाली तेलाचे बारीक थेंब.]

वेगळा तवंग असेल तर जाळी पुरेशी आहे. पण 20 मायक्रोमीटरपेक्षा लहान थेंबांचं इमल्शन, म्हणजे तेलाचे थेंब पाण्यात विखुरलेलं दुधाळ मिश्रण, 50 मायक्रोमीटरच्या भोकांतून सहज निघून जातं. जहाजाच्या तळातलं तेलकट पाणी समुद्रात सोडताना तेलाचं प्रमाण दशलक्षात 15 भागांच्या आत असावं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तिथपर्यंत जायला मायक्रोमीटरहून बारीक छिद्रांचे पडदे लागतात. छिद्रं बारीक झाली की वेग घटतो आणि पडदा लवकर तुंबतो. तेव्हा लेपानं स्वतःला साफ ठेवणं आणखीच गरजेचं होतं.

कोरडा असतानाही तेल झिडकारणारा लेप हवा असेल, तर बहुधा फ्लोरिन लागतं. 2015 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात ब्राउन आणि भूषण यांनी सिलिकाचे कण आणि फ्लोरिनयुक्त पृष्ठसक्रिय (साबणासारखं) द्रव्य वापरून अशी जाळी केली: पाणी पार, तेल वर. पण लांब साखळीची फ्लोरिन संयुगं निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांतलं पीएफओए नावाचं संयुग 2019 मध्ये, घातक रसायनांवर बंधनं घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. पाणी स्वच्छ करणाऱ्या जाळीतूनच ती संयुगं पाण्यात झिरपणं कुणाला परवडेल? त्यामुळे सिलिका, सेल्युलोज, कायटोसन (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) यांच्याकडे ओढा वाढलाय. त्यांपैकी कायटोसन किंवा सेल्युलोजच्या जेलसारखे लेप पाण्यात फुगतात, मऊ पडतात, आणि वाळूमिश्रित पाण्यानं घासले की सोलून निघतात.